स्विच बंद केला तरी कटर चालूच! वाचकांचे प्रश्न, मिस्त्रीची उत्तरं

एप्रिल-मे आला की लाकूडफाट्याच्या बेगमीची घाई सुरू होते आणि या सदराकडे येणारे प्रश्न पण बदलतात, पंप आणि ठिबक मागे पडतं आणि सगळे चेन सॉ बद्दल विचारायला लागतात, म्हणजे आपण ज्याला सरळ कटर म्हणतो तो. २०२० च्या जूनमधे निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरलं, पुढच्याच वर्षी मे मधे तौक्ते किनाऱ्याला घासून वर गेलं, त्या दोन वादळांत आडवी झालेली झाडं कापायला बऱ्याच वाड्यांमधे पहिल्यांदा कटर आला. त्या वेळी घेतलेल्या मशिनी आता अशा वयात आल्यात की इंजिन ठणठणीत असतं पण वायरी, थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा), रबर असली बारकी कामं मान टाकायला लागतात. यावेळी स्टॉप स्विचचेच प्रश्न इतके आलेत की बाकीचे पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न : माझ्याकडे ५८ सीसीचा चायना कटर आहे. हल्ली स्विच बंद केला तरी मशीन बंदच होत नाही, चोक, म्हणजे हवा बंद करायचा दांडा, ओढून बंद करतो. काम अडत नाही म्हणून तसंच चालवतोय. बाजारातला मेकॅनिक म्हणाला कॉइल गेली, नवीन टाकावी लागेल. पण कॉइल गेली असेल तर मशीन चालू कशी होते? (एक वाचक, संगमेश्वर तालुका)

उत्तर : दादा, तुमचा शेवटचा प्रश्न एकदम बरोबर जागी लागलाय. कॉइल गेलेली मशीन चालूच होत नाही, तुमची तर एका दोरीत चालू होतेय आणि थांबायचं नाव घेत नाही, म्हणजे कॉइल करंट देतेय आणि तो करंट बंद करायची जी वाट आहे ती कुठेतरी तुटलीय. कॉइल खराब निघण्याचा एक प्रकार आहे, तो पुढे सांगतो, पण तो क्वचित, आणि तो तपासल्याशिवाय कोणालाही कॉइलचे पैसे देऊ नका.

हा स्विच कसा चालतो ते एकदा नीट समजून घ्या, मग अर्ध काम झालं. कटरला बॅटरी नसते. दोरी ओढली की मॅग्नेट फिरतो, म्हणजे स्टार्टरच्या कव्हरखालचं ते पाती असलेलं चाक, त्यात बसवलेलं चुंबक कॉइलच्या समोरून गेलं की कॉइलच्या प्रायमरी वाइंडिंगमधे करंट तयार होतो, कॉइलच्या आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट तो करंट नेमक्या क्षणी तोडतं आणि त्या झटक्याने सेकंडरी वाइंडिंगमधे हजारो व्होल्ट तयार होऊन प्लगला ठिणगी पडते. मॅग्नेट फिरतोय तोपर्यंत हे आपोआप चालू राहतं. मग थांबवायचं कसं, तर कॉइलमधून एक बारीक वायर बाहेर काढलेली असते, ती स्विचमधून जाऊन इंजिनच्या बॉडीला जोडली जाते. स्विच स्टॉपवर केला की प्रायमरीचा करंट थेट बॉडीत उतरतो, ठिणगी पडत नाही, इंजिन थांबतं. म्हणजे घरातल्या दिव्याच्या बटणाच्या बरोब्बर उलटं, इथे 'बंद' म्हणजे आतमधे वायरी जोडलेल्या आणि 'चालू' म्हणजे सुटलेल्या.

आता यातून जे निघतं ते महत्त्वाचं. वायर तुटली, थिंबल निसटलं, स्विचच्या आत कळंक चढला, अर्थिंगचा, म्हणजे वायर बॉडीला जोडणारा, स्क्रू सैल झाला, यातलं काहीही झालं तरी मशीन चालूच राहणार, कारण तिला बंद व्हायला जोड लागतो आणि जोडच नाहीये. आणि उलट, वायर सोलून कुठे बॉडीला लागली तर स्विच कुठेही असू दे, मशीन चालूच होणार नाही. सगळे बिघाड या दोन घरांत बसतात. तुमचा पहिल्या घरातला आहे, आणि दोन्हीत धोक्याचा हाच, कारण चालू न होणारा कटर कोणाचा पाय कापत नाही.

तपासणी अशी करा. मशीन पूर्ण गार होऊ द्या, प्लगची टोपी काढून बाजूला ठेवा. चेन आणि ती जिच्यावर फिरते ती पट्टी उतरवून ठेवलीत तर फारच चांगलं, दोन नटांचं काम आहे, पण लोक आळस करतात. मग स्टार्टरचं कव्हर काढा, चायना मशीनला बहुतेक चार स्क्रू असतात, एलन की लागते. मॅग्नेटच्या शेजारी काळी कॉइल दिसेल, तिच्यातून एक जाड वायर प्लगकडे जाते आणि एका पट्टीसारख्या टोकावर दुसरी बारीक वायर खोचलेली असते, तीच आपली स्टॉपची वायर. ती आधी पक्कडीने थिंबलला धरून हळू काढा, वायर ओढून काढू नका, नाहीतर जी नव्हती ती मोडतोड व्हायची.

वायर काढल्यावर मल्टिमीटर बीपवर ठेवा. एक काडी या सुटलेल्या वायरच्या थिंबलला, दुसरी सिलेंडरच्या पात्याला किंवा कुठल्याही उघड्या धातूला, रंगावर नाही. स्विच स्टॉपवर केला की बीप वाजलं पाहिजे, ओहमवर बघत असाल तर शून्याच्या आसपास. स्विच चालूवर केला की बीप बंद आणि मीटर 'ओएल' किंवा डाव्या कोपऱ्यात '१' दाखवेल. मीटर नसेल तर टॉर्चचा सेल, बारका बल्ब आणि वायरचे दोन तुकडे घेऊन पण हेच कळतं, बल्ब पेटला म्हणजे जोडलेलं. पण वायर कॉइलवरून काढल्याशिवाय मोजायचं नाही हे लक्षात ठेवा, कारण कॉइलच्या आतून पण बॉडीला वाट असते, मीटर काहीतरी आकडा दाखवतं आणि माणूस गोंधळतो. आणि बॅटरी-बल्बने तपासताना तर कॉइलमधे बाहेरचा करंट अजिबात घालायचा नाही. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी लावून 'कॉइल तपासणारे' महाभाग असतात, त्यांच्या हातून चांगली कॉइल पण जळते.

तुमच्या बाबतीत स्टॉपवर बीप वाजणार नाही असं मला वाटतं. मग तुकड्या-तुकड्याने शोधा. कॉइलकडचं टोक ते स्विचचं टर्मिनल, ही पहिली वायर. स्विचच्या दोन टर्मिनलांमधे, स्टॉपवर असताना, हा स्विच. आणि स्विचच्या दुसऱ्या टर्मिनलपासून बॉडीपर्यंत, ही अर्थिंगची वायर. जिथे बीप गेलं तिथे दोष. चायना कटरमधे स्विचला दोन वायरी असतात कारण मागची मूठ प्लास्टिकची आहे आणि ती रबरांवर तोललेली, इंजिन वेगळं हलतं आणि मूठ वेगळी, त्यामुळे स्विचला बॉडी मिळतच नाही, दुसरी वायर इंजिनपर्यंत न्यावीच लागते. आणि याच हलण्यामुळे वायर बहुतेक वेळा त्या सांध्याजवळच तुटते, बाहेरून प्लास्टिक शाबूत आणि आत तांब्याच्या तारा तुटलेल्या. बोटाने हळू वाकवत जा, जिथे वायर नुसत्या नळीसारखी मऊ लागते तिथे आत काही नाही.

आपल्याकडे किनारपट्टीला तुटण्यापेक्षा कळंक जास्त दिसतो. खारी हवा, पावसाळाभर पडवीत पडलेली मशीन, वर भुसा आणि चेन ऑइलचा चिकट थर. थिंबल काढलं की आत हिरवं, अर्थिंगचा स्क्रू काढला की खाली पांढरी पावडर. हे पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासायचं, स्क्रू परत घट्ट करायचा आणि पुन्हा मोजायचं. अर्ध्या मशिनी एवढ्यावर बऱ्या होतात, खर्च शून्य, आणि म्हणूनच बहुतेक कोणी मेकॅनिक सांगत नाही.

वायर बदलायची असेल तर घरातल्या फिटिंगची एकच जाड तार असलेली वायर घालू नका, हादऱ्याने ती आठवडाभरात तुटते. गाड्यांच्या वायरिंगची मऊ, बारीक तारांची वायर घ्या, पाऊण किंवा एक स्क्वेअर एमएमची पुष्कळ झाली. टोकाला थिंबल दाबून बसवा. डाख मारायचा मोह होतो, पण डाख जिथे संपतो तिथे वायर ताठ होते आणि हादऱ्याने नेमकी तिथेच मोडते, म्हणून माझं मत दाबलेल्या थिंबलला, वरून आकसणारी स्लीव्ह. नुसती काळी टेप गुंडाळू नका, पेट्रोल आणि ऑइलने तिचा गोंद सुटतो आणि उन्हाळ्यात ती घसरून खाली येते. वायर मुद्दाम थोडी सैल ठेवा, मूठ हलली तर ताण यायला नको, पण इतकी सैल पण नको की मॅग्नेटच्या पात्यात जाईल किंवा सायलेन्सरला टेकेल. कंपनीने वायरसाठी जी खाच दिलेली असते तिथूनच न्या, ती खाच उगाच नसते.

स्विचच आतून गेला असेल तर तो उघडून दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही, चायना मशीनचा स्विच कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात स्वस्तात मिळतो, जुना बरोबर घेऊन जा कारण खाचेचं माप वेगवेगळं असतं. तोपर्यंत टू-व्हीलरचा कुठला तरी स्विच मुठीला टेपने बांधणारे लोक पण बघितलेत, तो बरोबर हाताच्या अंगठ्याखाली येत नाही आणि गडबडीच्या वेळी सापडत नाही. नको.

आता तो क्वचितचा प्रकार. वायर, स्विच, अर्थिंग सगळं बीप देतंय, परत जोडलं, तरी मशीन थांबत नाही. मग प्लग काढा, टोपीत बसवा, प्लगचा धातू सिलेंडरच्या पात्याला टेकवून ठेवा आणि प्लगच्या भोकात चिंधी कोंबा, कारण त्यातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि आपण शेजारीच ठिणगी पाडणार आहोत. दोरी ओढा, ठिणगी दिसेल. आता कॉइलच्या त्या बारीक टोकापासून एक वायरचा तुकडा सरळ बॉडीला जोडा, मधे स्विच नाही काही नाही, आणि पुन्हा दोरी ओढा. ठिणगी गेली पाहिजे. गेली नाही तर कॉइलच्या आतमधेच ते टोक सुटलंय, आणि तेव्हा कॉइल बदलणं आलंच. नवीन कॉइल बसवताना मॅग्नेट आणि कॉइलमधे ०.२ ते ०.३ मिलिमीटर फट ठेवतात, जाडसर व्हिजिटिंग कार्ड मधे धरून स्क्रू आवळले की साधारण जमतं, नंतर कार्ड काढायला आणि मॅग्नेट हाताने फिरवून घासत नाही ना बघायला विसरू नका.

आणि हे सगळं होईपर्यंत कटर चालवू नका. काम अडत नाही म्हणता, पण झाडात फांदीवर असताना पट्टी अडकली, पाय घसरला, तर चोकचा दांडा शोधायला वेळ असतो का? रेसवर चेन सेकंदाला २० मीटरच्या आसपास पळते.

प्रश्न : पावसाळ्यानंतर मशीन उघडून पेट्रोलने साफ केली, कॉइलची जागा, मॅग्नेट सगळं पुसलं. तेव्हापासून स्पार्कच येत नाही. प्लग नवीन टाकला तरी नाही. त्याआधी चांगली चालत होती. (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : हे वर सांगितलेलं दुसरं घर. साफ करायच्या आधी चालत होती आणि नंतर नाही, तर दहापैकी आठ वेळा स्टॉपची वायर कव्हर बसवताना त्याच्या कडेखाली चेपली गेलेली असते. कव्हर आवळलं की कड वायरच्या आत घुसते, तांबं बॉडीला टेकतं आणि मशीन कायमची स्टॉपवर. स्विच कितीही वर-खाली करा.

ओळखायची पद्धत फार सोपी आहे. कॉइलवरून ती बारीक वायर काढून टाका, प्लग बॉडीला टेकवून दोरी ओढा, चिंधीचं वर सांगितलंय ते इथेही करा. ठिणगी आली तर कॉइल चांगली, प्लग चांगला, दोष वायरमधे नाहीतर स्विचमधे. मग ती वायर हातात घेऊन इंच-इंच बघा, चेपल्याची खूण दिसेलच. खराब तुकडा कापून दाबायच्या जॉइंटने जोडा किंवा आख्खी वायर बदला. वायर काढूनही ठिणगी नाही आली तर मग कॉइल-मॅग्नेटमधली फट, प्लगची टोपी आतून निसटलीय का, प्लगची फट साधारण अर्धा मिलिमीटर आहे का हे बघत जायचं, कॉइलला दोष द्यायचा तो सगळ्यात शेवटी.

एक सांगून ठेवतो, वायर काढून ठिणगी आली की लोकांना आनंद होतो आणि तशीच कव्हर लावून कामाला लागतात, 'चालू झाली ना' म्हणून. चालू झाली, पण आता बंद होणार नाही, म्हणजे तुम्ही संगमेश्वरच्या दादांच्या घरात राहायला गेलात.

प्रश्न : आमच्या बागेत जुनी कलमं तोडायला रोजंदारीवर कटरवाले येतात. त्यातला एक जण मशीन बंद करायला चालू मशीनच्या प्लगची टोपी उपटतो. विचारलं तर म्हणतो स्विच खराब आहे, सवय आहे मला. हे बरोबर आहे का? मला तर बघूनच धडकी भरते. (एक वाचक, दापोली)

उत्तर : ताई, धडकी भरते ती योग्यच आहे. प्लगच्या वायरमधे दहा हजार व्होल्टच्या पुढे दाब असतो, करंट बारका असल्यामुळे माणूस सहसा मरत नाही पण झटका असा बसतो की हात आपोआप उडतो, आणि त्याच हाताजवळ चेन असते. घामाने ओले हात असले की आणखी. शिवाय टोपी उपटल्यावर ठिणगीला जायला जागा राहत नाही, ती कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडून वाट काढते, म्हणजे जी कॉइल चांगली होती ती त्याच्या सवयीने जाते. आणि टाकीच्या झाकणापाशी पेट्रोल सांडलेलं असेल तर उघड्यावर पडणाऱ्या त्या ठिणगीचं काय होईल ते सांगायला नको.

स्विच खराब असलेली मशीन अचानक थांबवायची वेळ आलीच तर आधी रेस सोडायची, समोरचा चेन ब्रेक पुढे ढकलायचा, मशीन जमिनीवर सपाट ठेवायची आणि चोक पूर्ण ओढायचा. हवा बंद झाली की पेट्रोल जास्त होऊन इंजिन गुदमरतं आणि बंद पडतं. काही मशिनींत चोकवर जायला रेसचा घोडा दाबावा लागतो, तेव्हा क्षणभर आवाज चढतो, म्हणून ब्रेक आधी आणि पट्टी माणसांपासून लांब. चोकनेही नाही थांबली तर ब्रेक लावून स्लोवर ठेवून द्यायची, टाकी संपेपर्यंत. कंटाळवाणं आहे, पण हात जागेवर राहतो.

आणि तुमची बाग आहे, तुम्ही सांगू शकता. सकाळी काम सुरू करताना त्याला म्हणा, मशीन जमिनीवर चालू करून एकदा स्विचने बंद करून दाखव, मग झाडाला हात लाव. बंद नाही झाली तर त्या मशीनने काम नाही. वाईट वाटून घेईल, घेऊ दे.

प्रश्न : माझ्या मशीनला वेगळा स्विच नाहीच, एकाच लिव्हरवर चोक, स्टार्ट, चालू आणि बंद सगळं आहे. लिव्हर वर केली की पूर्वी लगेच बंद व्हायची, आता दोन-तीनदा खाली-वर करावी लागते. (एक वाचक, खानापूर, जि. बेळगाव)

उत्तर : काका, तुमच्याकडे स्विच आहे, फक्त तो त्या लिव्हरच्या पोटात लपलेला आहे. लिव्हरच्या शाफ्टला टेकणारी एक पातळ धातूची स्प्रिंग असते, लिव्हर स्टॉपच्या खाचेत गेली की ती स्प्रिंग दुसऱ्या संपर्काला टेकते आणि करंट बॉडीत उतरतो. दोन-तीनदा हलवल्यावर बंद होते म्हणजे स्प्रिंग टेकतेय पण मधे घाण आहे, किंवा स्प्रिंगचा ताण कमी झालाय. फिल्टरचं झाकण आणि एअर फिल्टर काढला की ती जागा दिसते, मॉडेलप्रमाणे थोडं इकडे-तिकडे. अशा मशिनींना बहुतेक टी-२७ चा टॉर्क्स पाना लागतो, स्क्रू-ड्रायव्हरने जबरदस्ती केली तर स्क्रूचं तोंड जातं आणि मग ड्रिल मारत बसा. फिल्टर काढल्यावर कार्बोरेटरच्या तोंडात भुसा जाऊ नये म्हणून लिव्हर चोकवर ठेवा. जुन्या टूथब्रशला पेट्रोल लावून स्प्रिंग साफ करा, वाळू द्या, मग बोटाने अगदी किंचित वाकवून ताण वाढवा. जास्त वाकवलीत तर चालूच्या खाचेतही टेकून राहील आणि मशीन चालू होणार नाही.

याच निमित्ताने दुसरं एक सांगतो कारण गेल्या वेळी कोणीतरी विचारलं होतं. काही नवीन मशिनींत स्टॉपचं बटण दाबलं की आपोआप परत चालूच्या जागी येतं. लोकांना वाटतं स्विच खराब आहे, राहत नाही. खराब नाही, मुद्दाम तसा केलाय, म्हणजे पुढच्या वेळी चालू करताना स्विच विसरला म्हणून दोरी ओढून-ओढून पेट्रोलाने प्लग भिजायला नको. फक्त इंजिन पूर्ण थांबेपर्यंत बटण दाबून धरायचं, नुसती टिचकी मारून सोडलं तर मशीन परत पकडते.

प्रश्न : स्विच मारल्यावर ठिणगी बंद होते हे तपासून बघितलं, वायरी सगळ्या ठीक, तरी गरम झाल्यावर मशीन स्विच बंद केल्यावर थोडा वेळ फडफडत राहते आणि मग थांबते. रेस सोडली तरी आवाज लगेच खाली येत नाही. (एक वाचक, मुरुड)

उत्तर : मग स्विचच्या मागे लागू नका, तुमच्या मशीनला ठिणगीची गरजच उरलेली नाही. आतमधे कार्बन किंवा प्लगचं टोक इतकं लाल होतंय की पेट्रोल त्यानेच पेटतंय. आणि रेस सोडून आवाज खाली येत नाही ही खूण सांगते की कुठूनतरी जास्तीची हवा आत जातेय, कार्बोरेटरच्या मागचं रबर चिरलं असेल, क्रँकची सील गेली असेल, नाहीतर कोणीतरी कार्बोरेटरचे स्क्रू आवळून पेट्रोल कमी केलंय. हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि टू-स्ट्रोकमधे ऑइल पेट्रोलातूनच येतं, म्हणजे ऑइल पण कमी. असंच चालवत राहिलात तर पिस्टन धरणार, म्हणजे सिलेंडरमधे अडकून बसणार. ऑइलचं माप पण तपासा, ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली, २५ ला १ म्हणजे लिटरला ४० मिली, तुमच्या मशीनच्या पुस्तकात कुठलं लिहिलंय ते बघा, शेजाऱ्याचं माप घेऊ नका. रबर आणि सीलचं काम घरी करण्यासारखं नाही, चांगल्या मेकॅनिककडे न्या आणि त्याला हीच लक्षणं सांगा.

प्रश्न : कटर वीसेक मिनिटं छान चालतो, मग आपोआप बंद. थोडा वेळ थांबलं की परत चालू होतो. वायर कुठे टेकत असेल का? (एक वाचक, चंदगड)

उत्तर : टेकत असेल, पण आधी फुकटचं तपासा. बंद पडल्यावर लगेच पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल करा, सुस्स करून हवा आत गेली आणि मशीन लगेच चालू झाली तर टाकीच्या हवेची वाट तुंबलीय, टाकीत हवा जात नाही म्हणून पेट्रोल येत नाही, ती वाट साफ करा किंवा बदला. तसं नसेल तर बंद पडलेल्या गरम अवस्थेतच ठिणगी बघायची, गार झाल्यावर बघून उपयोग नाही. ठिणगी नाही? आता स्टॉपची वायर कॉइलवरून काढून पुन्हा बघा. आली तर वायर, गरम होऊन प्लास्टिक मऊ पडल्यावर ती कुठेतरी टेकतेय, सायलेन्सरच्या बाजूने आधी शोधा. वायर काढूनही नाही आली आणि गार झाल्यावर आपोआप येते, तर कॉइल. या एका लक्षणाला मी कॉइल बदला म्हणून सांगतो, आढेवेढे न घेता.

प्रश्न : ग्रास कटरचा स्विच पण असाच असतो का? आणि फवारणीच्या पंपाचं होंडासारखं फोर-स्ट्रोक इंजिन स्विच चालू असून चालू होत नाही, त्याचं काय? (एक वाचक, राजापूर)

उत्तर : ग्रास कटरचं सगळं तेच, फक्त स्विच हँडलवर असल्यामुळे वायर लांब असते आणि एक्सलेटरच्या केबलबरोबर नळीतून जाते. हँडल दुमडतो तिथे ती तुटते, पहिलं तिथेच बघा. दोन्ही वायरी अदलाबदल झाल्या तरी फरक पडत नाही, स्विच फक्त दोघींना जोडतो नाहीतर सोडतो.

फोर-स्ट्रोक इंजिनात मात्र एक भर आहे. त्यातल्या बऱ्याच इंजिनांना खाली ऑइलचा सेन्सर असतो आणि त्याची वायर याच स्टॉपच्या वायरला येऊन मिळते. ऑइल कमी झालं की सेन्सर ठिणगी बंद करतो. उतारावर पंप तिरका ठेवला तरी ऑइल एका बाजूला जाऊन तेच होतं, आणि आपल्या बागा म्हणजे सगळा उतारच. म्हणून पंप आधी सपाट जागी ठेवा, ऑइल बघा, भरा, मग दोरी ओढा. तरी नाही झालं तर सेन्सरची वायर तात्पुरती काढून ठिणगी बघा. आली तर सेन्सर खराब, नवीन बसवा. ती वायर कायमची काढून ठेवलेले पंप बरेच बघायला मिळतात, आणि ऑइलविना कनेक्टिंग रॉड तुटून बाहेर आलेली इंजिनं पण बहुतेक त्यांचीच असतात.